पीळ, पेड आणि कल्हई

शर्यतीच्या गाडीतून जे जे काढता येण्यासारखे आहे ते काढून टाकल्यावर सांगाडा, चाके, इंजिन आणि चालकाची बैठक एवढेच उरते असा पाहणाऱ्याचा समज होतो; पण त्या उघड्या सांगाड्यात, नळ्यांच्या आडोशाने आणि इंजिनाच्या अंगावरून फिरत गेलेली तारांची एक जुडी असते, जिच्यावाचून बाकीचे सारे नुसते लोखंड ठरते. या जुडीला व्यवसायात ‘वायरिंग हार्नेस’ किंवा नुसते ‘हार्नेस’ म्हणतात, आणि सुट्या भागांच्या दुकानात तीच वस्तू ‘वायरिंग सेट’ या नावाने मागितली जाते. हा इंग्रजी शब्द मूळचा घोड्याच्या साजाचा आहे. आपल्याकडे बैलाच्या बाबतीत जू, शिवळ आणि जोते मिळून जे काम करतात तेच काम घोड्याच्या बाबतीत हा साज करतो: बळ जनावराचेच असते, साज त्याला दिशा देतो. इंजिनाच्या हार्नेसकडून बळाची अपेक्षा नसते. इंजिनाच्या अंगात काय चालले आहे ही खबर नियंत्रकाकडे नेणे आणि नियंत्रकाचा हुकूम इंजिनाकडे आणणे एवढीच त्याची चाकरी असते, आणि ती चाकरी मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या गतीने, धक्के, उष्णता, तेल आणि पाणी सोसत पार पाडावी लागते.

गाडी उघडी करणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. शेतावरची बैलगाडी आणि शर्यतीचा छकडा यांत जो फरक असतो तोच रस्त्यावरची मोटार आणि शर्यतीची मोटार यांत असतो; छकड्यातून ओझे वाहण्याची सोय गेलेली असते आणि उरलेली प्रत्येक लाकडी पट्टी आपल्या कामाचे उत्तर देऊ शकते. आधुनिक प्रवासी मोटारीतल्या साऱ्या तारा एकापुढे एक ठेवल्या तर त्यांची लांबी किलोमीटरच्या हिशेबात जाते, कारण खिडक्यांच्या मोटारी, दिवे, वातानुकूलन, संगीत, वायपर, एअरबॅग अशा प्रत्येक सोयीच्या मागे तारांचा आपापला संसार असतो. तो संसार उचलला की उरतात त्या इंजिनाला जगवणाऱ्या तारा. एका सिलिंडरच्या इंजिनाला अशा तारा पंचवीस-तीसच्या आसपास लागतात. एवढ्याशा तारांचे काम दोन दिवसांत उरकेल असे वाटते, आणि या कामात पडलेल्या बहुतेकांची पहिली चूक इथेच होते.

हा विषय नाहूरच्या संदर्भात मांडण्यास कारण आहे. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये असलेल्या या उपनगराच्या पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरे आणि ठाण्याची खाडी लागते, पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि त्याच्या पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. हा मार्ग मुंबईच्या यंत्रोद्योगाचा कणा होता. १९५८ साली स्थापन झालेल्या सिएट कंपनीचा टायरचा कारखाना याच पट्ट्यात भांडुपला आहे, आणि नाहूरहून दक्षिणेकडे जाताना सहावे स्थानक येते ते कुर्ल्याचे, जिथे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. या पट्ट्यातले कितीतरी कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, आणि फिटर, टर्नर, वायरमन यांच्या हातांत जे ज्ञान होते त्यातले जे टिकले ते औद्योगिक वसाहतींच्या लहान लहान गाळ्यांतून टिकले. त्याच रेल्वेमार्गावर, नाहूरपासून पाच स्थानके अलीकडे विद्याविहारला, के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी ‘ओरायन रेसिंग इंडिया’ या नावाने शर्यतीची गाडी बांधतात, आणि कांजुरमार्गला उतरून पवईला गेले की ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’चे विद्यार्थी विजेवर चालणारी गाडी बांधतात. एकीकडे ओसरत गेलेली हातांची विद्या आणि दुसरीकडे नव्याने गाडी बांधू पाहणारे हात, या दोहोंच्या मध्ये हार्नेससारखी वस्तू नेमकी येते.

प्रीमियरच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी ही मोटार या बाबतीत तुलनेला उपयोगी पडते. तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला चालण्यासाठी विजेची गरज जवळजवळ एकाच कामापुरती होती, ती म्हणजे ठिणगी. बॅटरीकडून इग्निशन कॉइलकडे एक तार, कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरमधल्या सीबी पॉइंटकडे, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याने उघडझाप करणाऱ्या त्या लहानशा स्विचकडे, दुसरी तार, आणि पुढे जाड रबरी तारांतून चार प्लगांकडे जाणारा ‘करंट’. पेट्रोल किती घ्यायचे हे कार्ब्युरेटर आपल्या पितळी जेटच्या भोकांनी आणि हवेच्या ओढीने ठरवीत असे. त्याला कोणी काही विचारत नसे आणि तो कोणाला काही सांगत नसे. म्हणूनच पद्मिनीचा टॅक्सीवाला सिग्नलवर बंद पडलेली गाडी सीबी पॉइंटवर एक पॉलिश पेपरचा तुकडा फिरवून पुन्हा सुरू करू शकत असे. वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा अनेकांनी तिच्या रूपाचा आणि आवाजाचा निरोप घेतला. पण तिच्याबरोबर डोळ्यांनी पाहून समजणारी विजेची एक पद्धतही गेली, याची नोंद व्हायला हवी होती. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि दुचाकींतही इंधन फवारणारे इंजेक्टर सर्रास आले. त्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलासुद्धा हार्नेस समजून घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

विद्यार्थ्यांच्या ज्या स्पर्धेसाठी अशा गाड्या बांधल्या जातात तिची परंपरा अमेरिकेत १९८१ मध्ये ‘फॉर्म्युला एसएई’ या नावाने सुरू झाली, ब्रिटनमध्ये ती १९९८ पासून ‘फॉर्म्युला स्टुडंट’ म्हणून रुजली, आणि भारतात ‘फॉर्म्युला भारत’ ही त्याच घराण्यातली स्पर्धा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरते. एका चालकाची, उघड्या चाकांची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः आखायची आणि बांधायची. इंजिन ७१० घनसेंटिमीटरपर्यंतचे चालते, मात्र पेट्रोलवरच्या गाडीत इंजिनाला मिळणारी सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच गळ्यातून गेली पाहिजे, असा दंडक आहे. भारतातले बरेच संघ केटीएम ३९० या मोटारसायकलचे इंजिन घेतात. ते पुण्याजवळ चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होते, एका सिलिंडरचे आणि मूळ आवृत्तीत ३७३ घनसेंटिमीटरचे आहे, आणि त्याची मोटारसायकल २०१३ पासून भारतात विकली जाते. इंजिन हलके आहे, सुटे भाग गल्लीत मिळतात, ही त्याची बाजू. पण एकच दट्ट्या वरखाली होत असल्यामुळे त्याची थरथर चार सिलिंडरच्या इंजिनाहून कितीतरी जास्त असते, आणि त्या थरथरीचे बिल शेवटी तारांच्या नावावर फाटते.

असे इंजिन सांगाड्यात बसवल्यावर पहिला प्रश्न येतो तो मोटारसायकलबरोबर आलेल्या मूळ हार्नेसचे काय करायचे, हा. एक मार्ग असा की मूळ जुडीवरची टेप उलगडून हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, साइड स्टँडचा स्विच यांच्या तारा एकेक करून काढायच्या आणि उरलेल्या तारा पुन्हा गुंडाळायच्या. हा मार्ग स्वस्त आहे आणि वरवर सुरक्षित वाटतो, पण त्यात दोन अडचणी असतात. मूळ नियंत्रक, ज्याला ईसीयू म्हणतात आणि जो इंजिनाचा लहानसा संगणकच असतो, तो साइड स्टँड वर आहे की नाही, किल्ली ओळखीची आहे की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे मागत राहतो आणि ती न मिळाल्यास ठिणगी रोखून धरतो. शिवाय हवेच्या वाटेत २० मिलिमीटरचा गळा आला आहे हे त्याच्या कोष्टकात नसते, त्यामुळे इंधनाचा हिशेब चुकतो. दुसरी अडचण अधिक खोल आहे. मोटारसायकलचा हार्नेस हा मोटारसायकलच्या शरीराच्या मापाचा असतो. तो गाडीच्या सांगाड्यात घातला की कुठे वीतभर तार लोंबते आणि कुठे चार बोटे कमी पडते, आणि मग जोड येतात. दुसऱ्याच्या अंगाचा अंगरखा उसवून शिवण्यापेक्षा नवे कापड घेऊन माप काढावे, हे इथे खरे मानले पाहिजे. पैसा कमी असतानाही नवा हार्नेस बांधणाऱ्या संघांचा निर्णय योग्य असतो, कारण त्या कामात एकेका तारेपुढे थांबून ‘ही कशासाठी?’ असे विचारणे भाग पडते.

त्या प्रश्नाची उत्तरे म्हणजेच इंजिनाचे शरीरशास्त्र होय. थ्रॉटल किती उघडला हे सांगणाऱ्या सेन्सरला तीन तारा, हवेच्या नळीतला दाब सांगणाऱ्याला तीन, पाण्याच्या आणि हवेच्या तापमानाला दोन-दोन, धुरातल्या प्राणवायूवरून मिश्रण ओळखणाऱ्या लॅम्डा सेन्सरला पाच, आणि इंजेक्टर, कॉइल, पेट्रोलचा पंप यांना दोन-दोन. या सगळ्यांत सर्वांत नाजूक जोडी असते ती क्रँकच्या सेन्सरची. क्रँकबरोबर फिरणाऱ्या चक्रावर दाते असतात आणि प्रत्येक दाता सेन्सरसमोरून गेला की विजेचा एक लहानसा झोका तारेतून नियंत्रकाकडे जातो. दाते मोजूनच नियंत्रकाला दट्ट्या कुठे आहे ते कळते. मोटारींमध्ये रूढ असलेल्या एका रचनेत चक्राच्या घेरावर साठ दात्यांची जागा आखलेली असते आणि त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे त्या रिकाम्या जागेवरून फेरीची सुरुवात ओळखता येते. मिनिटाला दहा हजार फेऱ्या म्हणजे एक फेरी सहा मिलिसेकंदांची, आणि एका दात्याच्या वाट्याला येतो मिलिसेकंदाचा दहावा भाग. एवढ्या अवधीत, शेजारच्या कॉइलच्या तारेतल्या उसळीमुळे या जोडीत एखादा खोटा झोका उमटला, तर नियंत्रक एक दाता जास्त मोजतो, ठिणगी भलत्या वेळी पडते किंवा तो गोंधळून ठिणगी देणेच थांबवतो. म्हणून या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देतात. बाहेरून येणारा उपद्रव दोघींना सारखाच बाधतो आणि दोघींमधला फरक मोजणाऱ्या नियंत्रकाला तो दिसत नाही. त्यावर तांब्याच्या जाळीचे वेष्टन असते, आणि ते एकाच टोकाला, नियंत्रकाच्या बाजूला अर्थ करतात. दोन्ही टोकांना केले तर ते वेष्टनच वाहती वाट बनते आणि ज्या उपद्रवापासून राखायचे तोच घरात येतो.

आतापर्यंतचे विवेचन विजेचे झाले, आणि पुस्तकांत या विषयाची मांडणी बहुधा एवढ्यावरच थांबते. प्रत्यक्षात शर्यतीच्या गाडीतली तार विजेच्या कारणाने क्वचितच मरते. ती मरते लोखंडासारखी, दोरीसारखी, भांड्यासारखी: वाकून वाकून तुटते, घासून सोलली जाते, ओलीने खाल्ली जाते. त्यामुळे हार्नेस बांधणाऱ्याला लागणारे विजेचे ज्ञान दहावी-बारावीच्या पुस्तकापलीकडे फारसे जात नाही, आणि हाताचे ज्ञान मात्र दोरी वळणारा, कल्हईवाला आणि पटवेकरी यांच्या जवळचे लागते. हे विधान अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कमीपणा आणणारे वाटू नये. उलट आपल्याकडे ज्या हातांना शिक्षणाच्या उतरंडीत खाली बसवले गेले त्यांची विद्या किती नेमकी होती, हे या तारा दाखवून देतात.

जोडाचा प्रश्न घ्यावा. तारेचे टोक कपलरच्या, म्हणजे दोन जुड्यांना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खोबणीतल्या पिनेला जोडायचे असेल तर सोल्डर, म्हणजे सोनाराच्या भाषेतला डाख, सर्वांत पक्का असा सर्वसाधारण समज आहे. रेडिओच्या पाटीवर तो खरा आहे. पण वितळलेला डाख तारेच्या बारीक धाग्यांमधून केशाकर्षणाने वर चढतो आणि लवचीक तारेचा काही मिलिमीटरांचा भाग कडक काडीसारखा करून टाकतो. थरथर सुरू झाली की सारे वाकणे त्या काडीच्या शेवटाशी एकवटते आणि तार नेमकी तिथे तुटते, तीही बाहेरचे आवरण शाबूत असताना, म्हणजे डोळ्यांना काही न दिसता. म्हणून इथे क्रिंपिंग करतात: पिनेचे दोन कान तारेभोवती इतक्या दाबाने वळवतात की तांबे आणि पीन यांच्यात हवेलाही फट उरत नाही. चांगला क्रिंप जवळून पाहण्यासारखा असतो. पिनेला कानांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तांब्याला धरते आणि मागची आवरणाला, जेणेकरून ओढ लागली तर ती तांब्यावर न येता आवरणावर यावी. दोन्ही जोड्यांच्या मधल्या फटीत तांब्याची आणि आवरणाची सीमा स्पष्ट दिसली पाहिजे, पुढच्या बाजूने तांब्याचे टोक केसभर बाहेर डोकावले पाहिजे, आणि दाबलेल्या भागाची कड तुतारीच्या तोंडासारखी किंचित उमललेली असली पाहिजे, म्हणजे ती धाग्यांना कापत नाही. विमानांसाठी बनवलेल्या आणि शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या बारीक तारेत १९ धागे असतात. आवरण सोलताना पातीने एक धागा जरी कापला तर एकोणिसावा हिस्सा तांबे गेले आणि तुटण्याची सुरुवात कुठून व्हायची ती जागाही ठरून गेली. हातात पकड घट्ट धरून, दाताने आवरण सोलायची गल्लीतली सवय सोडावी लागते ती इथे.

तारेच्या तांब्याला पांढरट मुलामा का असतो, याचे उत्तर मराठी स्वयंपाकघरात आधीच दिलेले आहे. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, म्हणून कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने आतून कथलाचा पातळ थर फिरवीत असे. तारेच्या धाग्यांवरचा मुलामा बऱ्याचदा त्याच कथलाचा असतो, आणि कामही तेच करतो: तांबे आणि हवा यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. नाहूरसारख्या ठिकाणी हे कलम पुस्तकी राहत नाही. खाडीवरून येणारी खारी हवा, जूनपासून सप्टेंबरपर्यंतची ओल आणि गाळ्याच्या पत्र्याखाली साचणारा दमटपणा यांत साध्या तांब्याची उघडी टोके एका पावसाळ्यात हिरवी पडतात, आणि ती हिरवी पूड विजेला अडवते. तारेत अडथळा वाढला तर किती बिघडते, याचा अंदाज आकड्यांनी येतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तीन मीटर तारेला, ती अगदी निरोगी असतानाही, सुमारे एक दशांश ओहम अडथळा असतो, म्हणजे तिच्यातून आठ अँपिअर वाहिले तर पाऊण व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. इंजेक्टरला हुकूम मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद लागतो, आणि दाब घटला की तो अवधी वाढतो. मंद गतीला सारा फवाराच दोन-तीन मिलिसेकंदांचा असताना ही उशिरा आलेली उघडीक मिश्रण पातळ करायला पुरते. मग विद्यार्थी रात्रभर लॅपटॉपवर इंधनाची कोष्टके दुरुस्त करीत बसतात, आणि दोष असतो एका कळकलेल्या पिनेत.

तारांना जुडीचे रूप देणे ही यापुढची पायरी, आणि सर्वांत देखणी. साधारण जुडीत तारा एकमेकींना समांतर ठेवून वर टेप गुंडाळतात. अशी जुडी वळणावर वाकवली की बाहेरच्या तारा ताणल्या जातात आणि आतल्या चुरगळतात. शर्यतीच्या उत्तम हार्नेसमध्ये तारांना पेड घालतात. मधोमध एक तार, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, मग अठरा, असे थर वर्तुळाच्या भूमितीतूनच येतात, आणि प्रत्येक थराचा पीळ खालच्या थराच्या उलट दिशेने द्यायचा असतो. असे केल्याने प्रत्येक तार आळीपाळीने वळणाच्या आत आणि बाहेर येते, ताण सगळ्यांत वाटला जातो, आणि बोटाएवढी जाड जुडी दोरखंडासारखी नरम वळते. तारांची संख्या भूमितीत चपखल बसत नाही तेव्हा रिकामी तार भरीला घालतात, नाहीतर थर एका बाजूला कलतो. सुंभाचा पीळ आणि हा पीळ यांत तत्त्वतः फरक नाही. फाटे फुटतात तिथे मेण लावलेल्या दोऱ्याने गाठी मारतात. प्लॅस्टिकची पट्टी आवळली तर तिची कड आवरणाला चावते आणि दोऱ्याची गाठ चावत नाही, हे मंगळसूत्र गाठवणाऱ्या पटवेकऱ्याला कोणी शिकवावे लागले नसते. प्रत्येक कपलरपाशी तारेचा लहानसा वळसा राखून ठेवतात, कारण पीन कधीतरी बदलावी लागणार असते. आणि सर्वांत शेवटी गरम हवेने आकसणारी स्लीव्ह चढवून जुडी बंद करतात. या स्लीव्हआधी एकही कपलर बसवलेला नसावा, कारण तो तिच्यातून जात नाही. ही चूक प्रत्येक संघ एकदा करतो.

अर्थिंगविषयी थोडक्यात एवढेच सांगता येईल की बॅटरीकडे परतणारी वाट ही जाणाऱ्या वाटेइतकीच काळजीने बांधायची असते. मोटारीत सांगाड्यालाच परतीची वाट मानण्याची पद्धत आहे. पण इंजिन रबरी बुशांवर बसलेले असते आणि सांगाड्यावर रंग असतो, त्यामुळे इंजिनाच्या ठोकळ्याकडून बॅटरीकडे जाड तार घालायला कोणी विसरला, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरपर्यंत जाणारा प्रवाह क्लचच्या किंवा थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापून धुरकटते. सेन्सरांच्या परतीच्या तारा मात्र या गर्दीत न मिसळता सरळ नियंत्रकाकडे न्याव्या लागतात.

गाडी थांबवण्याची व्यवस्था ही चालवण्याच्या व्यवस्थेहून जास्त विश्वासाची असावी, असे स्पर्धेचे नियम मानतात, आणि त्यांची ही भूमिका मनोमन पटणारी आहे. चालकाच्या मागे दोन्ही बाजूंना, साधारण त्याच्या डोक्याच्या उंचीवर, एकेक तांबडे बटण. एक बटण त्याच्या हाताशी. धडक बसल्यास आपोआप उघडणारा स्विच. आणि ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, म्हणजे ब्रेकच निकामी झाला, तर दाबला जाणारा आणखी एक स्विच. हे सारे एकसर जोडलेले असतात, म्हणजे एकाच दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे; कोणतेही एक उघडले की पेट्रोलचा पंप आणि ठिणगी दोन्ही बंद पडली पाहिजेत. यात एक फार गंभीर गोष्ट आहे: या माळेतला सैल क्रिंप गाडीला धोकादायक करीत नाही, तो तिला थांबवतो. तपासनीस उभा असताना एकेक बटण दाबून इंजिन मरते की नाही हे दाखवावे लागते. विजेच्या गाडीत हीच माळ शेकडो व्होल्टच्या बॅटरीला मोटारीपासून तोडते, आणि तिथे भगव्या-नारिंगी केबलींच्या जवळपास साधी तार फिरू नये म्हणून वेगळे अंतर राखावे लागते.

मुंबईत मोटार शर्यतीचा कायमस्वरूपी ट्रॅक नाही. त्यामुळे इथे बांधलेल्या गाडीची पहिली खरी परीक्षा होते ती ट्रकमध्ये, कोइंबतूरपर्यंतच्या हजाराहून अधिक किलोमीटरच्या प्रवासात. गाळ्यात सुरू होणारे इंजिन तिथे उतरल्यावर सुरू होत नाही. मल्टिमीटर लावला तर प्रत्येक तार सलग असल्याचे सांगतो. जुडी हाताने हलवली की इंजिन सुरू होते आणि सोडली की बंद. येऊन जाणारा दोष हा हार्नेसचा खास दोष आहे, आणि तो शोधणाऱ्याला शांत राहण्याखेरीज दुसरे शस्त्र नाही. अनुभवी वायरमन अशा वेळी मल्टिमीटर बाजूला ठेवून टेस्ट लॅम्प घेतो, कारण मल्टिमीटर नगण्य प्रवाहाने तार तपासतो आणि एकाच धाग्यावर लटकलेली तारही त्याला निरोगी वाटते, तर दिव्याला उजळायला खरा प्रवाह लागतो आणि तो मंद पेटला की जोड पकडला जातो. स्पर्धेतल्या १००० गुणांपैकी सर्वांत मोठा वाटा सुमारे २२ किलोमीटरच्या सहनशक्तीच्या फेरीला असतो, आणि तिच्या मध्यावर इंजिन बंद करून चालक बदलावा लागतो. उभ्या गाडीत वारा लागत नाही, धुराच्या नळीची धग वर चढते, साध्या पीव्हीसीच्या आवरणाला १०५ अंशांच्या आसपासची मर्यादा असते आणि महागड्या आवरणाला १५० ची. त्या दोन-तीन मिनिटांत क्रँकच्या सेन्सरची तार धुराच्या नळीपासून किती बोटे दूर नेली होती, हे महिन्यांपूर्वीचे ठरवणे पुढे येते. नवा चालक पट्टे आवळून बटण दाबतो आणि पलीकडे उभे असलेले सारे श्वास धरून ऐकतात.

त्या ठरवण्याची मूळ जागा गाळ्यातली एक प्लायवूडची फळी असते. सांगाड्यावर आधी सुतळी किंवा दोरी फिरवून प्रत्येक फाट्याचे माप घेतात, ते माप फळीवर पूर्ण आकारात आखतात, वळणावर आणि फाट्यावर खिळे ठोकतात, आणि प्रत्येक खिळ्याशी पेन्सिलने लिहितात: थ्रॉटल, पाणी, क्रँक, पंप. तारा या खिळ्यांमधून ओढल्या जातात, त्यांना पेड पडतो, दोरा बांधला जातो, स्लीव्ह आकसते, आणि तयार जुडी फळीवरून उचलून गाडीत जाते. एकदा स्लीव्ह चढली की आतली एकही तार कोणाला दिसत नाही. कोणती कुठून गेली हे सांगायला उरते ती फक्त फळी. ती गाळ्याच्या भिंतीला टेकवून ठेवतात. पुढच्या वर्षी गाडीचा सांगाडा बदलतो, इंजिन चार बोटे मागे सरकते, पहिल्या वर्षाचे विद्यार्थी येतात आणि जुन्या रेषांवरून नव्या रेषा आखतात. ‘क्रँक’ या शब्दाशेजारी आदल्या वर्षीच्या कोणीतरी दोनदा गिरवून लिहून ठेवलेले असते, ‘नळीपासून लांब’, आणि तेवढा एक खिळा ते हलवत नाहीत.